वीस बिड्यांची साक्ष

मागच्या वर्षी माझ्या नातवानं नागपुरात एका मोठ्या नावाच्या तयार कपड्यांच्या दुकानाची फ्रँचाइजी घेतली. करार चाळीस पानांचा. पाटी त्यांची, कपडे त्यांचे, दिव्यांचा रंग तेच ठरवणार, दुकानातल्या मुलींनी गिऱ्हाइकाशी पहिलं वाक्य काय बोलायचं तेही त्यांनीच लिहून दिलेलं. शेवटून तिसऱ्या पानावर एक कलम होतं : दुकानदार हा स्वतंत्र व्यापारी असून त्याच्या नोकरांशी कंपनीचा कसलाही संबंध नाही. नातू म्हणाला, "आबा, ही नवीन पद्धत आहे, तुम्हाला नाही कळायची." मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "बाळा, हे कलम मला तुझा बाप जन्मायच्या आधीपासून पाठ आहे. चांद्याच्या कोर्टात त्याची वाट लावून आलोय मी."

त्याला वाटलं म्हातारा थापा मारतो. म्हणून हे लिहायला बसलो. आणखीही एक कारण आहे. मूल गावाकडची जुनी माणसं अजून सांगतात, की गोविंदा चेकर कोर्टात फुशारकीच्या भरात बोलून गेला आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं सांगायला आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, तेव्हा मीच सांगतो. कोणाला आवडो न आवडो.

मी बिडीचा चेकर होतो. बिडी कधी ओढली नाही, पण सात वर्षांत किती लाख हातांखालून गेल्या याचा हिशेब नाही. आमचा चांदा जिल्हा (चंद्रपूर हे नाव पुढे आलं) तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि सरकार नागपुरात बसत असे. जंगलात तेंदूपान भरपूर, घराघरांत शेतीचं काम संपलेल्या बाया, त्यामुळं बिडीचा धंदा गावोगाव पसरलेला. कंपन्या बाहेरच्या. आमच्या कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, तिचे वारस सज्जन असतील. तिचा छाप मुंगूस. मुंगसाचा आणि बिडीचा संबंध काय, हे मी एकदा मॅनेजरसाहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "लेबलवर चांगलं दिसतं."

धंदा असा चाले. कंपनी स्वतः कारखाना काढत नसे. गावातला एखादा खटपट्या माणूस धरायची आणि त्याला आपला छाप द्यायची. त्याला म्हणायचे सट्टेदार. पान कंपनीचं, तंबाखू कंपनीची, दोरा कंपनीचा, तोही लालच. पान कापायचा पत्र्याचा फर्मा कंपनीचा. दोऱ्याचे वेढे किती, कट्ट्यात बिड्या किती, भट्टीवर शेकायच्या किती वेळ, सगळं ठरलेलं. दुसऱ्या कोणाच्या छापाची एक बिडी वळली तर छाप परत. आणि एवढं सगळं बांधून झाल्यावर इंग्रजीत टाईप केलेलं ते कलम : सट्टेदार स्वतंत्र व्यापारी आहे, त्याच्या मजुरांशी कंपनीचा संबंध नाही. आमच्या सट्टेदाराला, करीमभाईंना, उर्दू येत होतं, मराठी अडखळत येत होतं. इंग्रजी करारावर त्यांनी मोठ्या ऐटीत सही ठोकली होती, कारण पाटीवर त्यांचं नाव मुंगसाच्या खाली येणार होतं.

करीमभाईंचं गाव मूलपासून सायकलनं तासाभरावर. घरामागच्या पडवीत आणि अंगणात एक्केचाळीस बाया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या. मी आठवड्यातून दोनदा कंपनीच्या मूलच्या डेपोतून तिथं जायचो. माझं काम छाटणीचं. बाई वळलेली बिडी पुढ्यात ठेवी. मी मूठभर उचलून दाबून पाही, तोंड पाही, दोरा पाही. बरी असेल तर कट्ट्यात, वाईट असेल तर बाजूला. बाजूला टाकलेल्या बिडीला छाट म्हणत. छाटेची मजुरी मिळत नसे.

इथं मी कबूल करतो. छाट बिडी फेकली जात नसे. ती पोत्यात भरून डेपोला जाई आणि बिनलेबलाच्या कट्ट्यांत दूरच्या बाजारांत विकली जाई. मला हे पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. मॅनेजरसाहेब म्हणायचे, "गोविंदराव, छाट कमी निघते तुमची. नजर मऊ झाली काय?" पुढच्या फेरीला माझा हात जड होई. चांगली बिडीही बाजूला जाई. सोनाबाई नावाची एक बाई होती, काळी, उंच, बोलायला फटकळ. ती एकदा मी टाकलेली बिडी उचलून माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "काऊन जी चेकरभाऊ, यात काय खोट हाय? पान फाटलं? तंबाखू सांडते? सांगा ना, आमी बी शिकू." मी म्हटलं, "कंपनीचा नियम आहे बाई." त्या दिवशी तिची छाट मी आणखी दोन मुठी वाढवली, हे मला आजही खुपतं.

पण काम मला येत होतं, हे मी मान वर करून सांगतो. बिड्या सगळ्या एकसारख्या दिसतात असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. रुंद टोकाच्या कडा आत मुडपताना कोणी अंगठ्याचं नख लावतं, कोणी पत्र्याची पट्टी. कोणी उजवीकडून मुडपतं, कोणी डावीकडून. सोनाबाईच्या अंगठ्यावर लहानपणी विळ्याचा घाव बसलेला, त्यामुळं तिच्या बिडीच्या तोंडाशी एक चपटी खूण राही. दुसरी एक होती, ती दोऱ्याचा शेवटचा वेढा नेहमी ओला करून ओढायची. एकदा या बायांनी माझी परीक्षा घेतली. चार जणींनी आपापली सुपं बदलली आणि चेहरे गंभीर करून बसल्या. मी काही न बोलता एकेकीचा माल उचलला आणि जिचा तिच्या पुढ्यात नेऊन ठेवला. बाया अशा हसल्या, की करीमभाई भट्टी सोडून बाहेर आले. त्या दिवसापासून गावात माझं नाव झालं. मलाही ते आवडलं, खोटं का बोलू.

मग एक दिवस सरकारी इन्स्पेक्टर आला. कारखान्यांचे कायदे नीट पाळले जातात का हे पाहायला नागपूरहून नेमलेला, सडपातळ, तिशीचा माणूस. येणार याची कुणकुण मॅनेजरसाहेबांना आधीच होती. त्यांचा निरोप आला, की बायांना मागल्या दारानं काढा, म्हणा इथं कोणी काम करत नाही, घरोघर वळलेल्या बिड्या आम्ही फक्त विकत घेतो. करीमभाईंनी बाया पांगवल्या. इन्स्पेक्टर अंगणात आला. त्यानं भिंतीला टेकवून ठेवलेली सुपं मोजली. एक्केचाळीस.

"भाई, धान्य बरंच पाखडता घरी," तो म्हणाला.

करीमभाई घामाघूम. "साहेब, बडा कुटुंब हाय आमचा."

"हजेरीपट दाखवा."

हजेरीपट नव्हताच. कोणाचं नाव कुठंही लिहिलेलं नव्हतं. एखादी बाई आजारी पडली, की ती त्या अंगणात कधी होती याला एकही कागद साक्षी नसे. इन्स्पेक्टरनं त्याऐवजी सट्ट्याचा करार मागून घेतला आणि पडवीत बसून तो शेवटपर्यंत वाचला. मग त्यानं जाऊन बायांना परत बोलावलं. पंच म्हणून गावचे पाटील आणि शाळामास्तर बसवले, प्रत्येकीला आतून बारीक नंबर लिहिलेल्या पानांच्या बिड्या वळायला लावल्या, त्या पुड्यांत बांधून लाख लावली, आणि कोणता नंबर कोणाचा याची यादी वेगळ्या लिफाफ्यात बंद केली. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. हे सगळं कशासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही.

खटला चांद्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहिला. करीमभाईंवर आणि कंपनीवर, दोघांवर. कंपनीचं म्हणणं सरळ होतं : कारखाना करीमभाईंचा, बाया त्यांच्या, हजेरीपट ठेवायचा होता तो त्यांनी. आम्ही तयार माल घेणारे गिऱ्हाईक. कोण वळतं, किती वळतं, आम्हाला काय माहीत? हे खरं ठरलं असतं तर कंपनी हात झटकून मोकळी, बाया पुन्हा कोणाच्याच नाहीत, आणि शिक्षा एकट्या करीमभाईंना. दंड भरायची त्यांची ऐपत नव्हती. म्हणजे तुरुंग. ज्या माणसाला स्वतःच्या अंगणात दोऱ्याचा रंग बदलायची मुभा नव्हती, तो मालक म्हणून आत जाणार होता.

करीमभाई तारखेच्या आदल्या दिवशी मला मूलच्या मोटारस्टँडवर भेटले. डोळे सुजलेले. म्हणाले, "गोविंदभाऊ, तुमी कंपनीचे मानूस हाय. मी काई म्हनत नाई तुमाले. फक्त माहं घर पाहून ठेवा, मी नसलो तर." माझ्या खिशात तेव्हा मॅनेजरसाहेबांनी दिलेलं वाक्य होतं. कंपनीचा साक्षीदार मीच होतो. वाक्य एवढंच : मी माल पाहतो, माणूस पाहत नाही.

कोर्टात मी ते वाक्य बरोबर म्हटलं. कंपनीच्या वकीलसाहेबांनी मान डोलावली. मग इन्स्पेक्टर उठला. सरकारच्या बाजूनं तोच प्रश्न विचारत होता. त्यानं एक सूप टेबलावर ठेवलं. लाख फोडून काढलेल्या वीस बिड्या त्यात सरमिसळ पडलेल्या. प्रत्येकीच्या पोटाला आतून बारीक नंबर, बाहेरून दिसायचा नाही. तो मला म्हणाला, "या तुमच्या छापाच्या आहेत का, एवढंच पाहून सांगा."

मी पहिली उचलली. सवयीनं अंगठा बिडीच्या तोंडाशी गेला. आणि मी म्हणालो, "हो, ही तर सोनाबाईची."

गावात जे सांगतात ते इथपर्यंत खरं आहे. ही पहिली बिडी माझ्या तोंडून निसटली. सात वर्षांची सवय बोलली.

वकीलसाहेब ताडकन उठले. "साक्षीदार अंदाजानं बोलला आहे. नाव सहज सुचलं म्हणून घेतलं."

मॅजिस्ट्रेटनी बिडी उसवायला लावली, लिफाफ्यातली यादी काढली. पाहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून विचारलं, "अंदाज होता का?"

मला बाहेर पडायचा रस्ता दिला होता. "होय साहेब, अंदाज" म्हटलं असतं तर मी घरी, नोकरी जागच्या जागी. मॅनेजरसाहेब पहिल्या बाकावरून टोपी सारखी करत 'हो म्हण' अशी मान हलवत होते. मागे करीमभाई बसले होते. त्यांनी मान खाली घातली होती, त्यांना काही अपेक्षाच नव्हती. दाराबाहेर व्हरांड्यात सोनाबाई आणि चार बाया उकिडव्या बसल्या होत्या. मला राग आला. मॅनेजरचा, वकिलाचा, त्या 'अंदाज' शब्दाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. सात वर्षं या बायांचे हात मी बोटांनी वाचले, त्यांच्या चुका पकडल्या, त्यांची मजुरी कापली, आणि आता म्हणायचं की मी त्यांना ओळखत नाही?

"अंदाज नाही साहेब," मी म्हणालो. "उरलेल्या एकोणीस पण सांगतो."

मग एकेक उचलून सांगत गेलो. ही लक्ष्मीबाईची, दोरा ओला करते. ही डावखुऱ्या रखमाबाईची. ही तुळसाबाईची, तिला दमा आहे, दुपारनंतर तिचा हात सैल पडतो, ही दुपारनंतरची आहे. कारकून बिडी उसवायचा, मॅजिस्ट्रेट यादी पाहायचे, पेन्सिलनं खूण करायचे. वकील मध्ये दोनदा उठले, दोनदा बसवले गेले. पहिली चुकून सांगितली असेल, पण पुढच्या एकोणीस पूर्ण शुद्धीत, परिणाम ठाऊक असताना सांगितल्या. एक चुकली. आईची म्हणून सांगितली ती लेकीची निघाली. लेक आईजवळच शिकलेली, पण तेवढी सबब पुरत नाही. ती चूक मला अजून बोचते.

शेवटी इन्स्पेक्टरनं एकच प्रश्न विचारला. "यांतल्या कोणाच्या बिड्या छाट करायच्या, हे करीमभाई ठरवत होते?"

"नाही. मी. कंपनीच्या हुकमानं."

निकाल पंधरा दिवसांनी लागला. ज्या कंपनीचा माणूस बाईच्या आजारापर्यंत ओळखतो, तिची बिडी टाकतो आणि दोऱ्याचा वेढा मोजतो, ती कंपनी त्या बाईला ओळखत नाही असं म्हणू शकत नाही. मालक कंपनी. करीमभाई सुटले. हजेरीपट ठेवायचा, त्यात प्रत्येकीचं नाव लिहायचं आणि छाट निघालीच तर बाईच्या डोळ्यांदेखत मोडून टाकायची, असा हुकूम झाला. करीमभाई कोर्टाच्या पायरीवर माझ्या गळ्यात पडून लहान मुलासारखे रडले. मीही रडलो.

चौथ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला डेपोत बोलावलं. आवाज गोड. "गोविंदराव, माणूस आहे, होतं. कंपनी वर अपील करते आहे. तुम्ही एवढंच लिहून द्या, की नजर कमी झाली होती आणि जे बोललो ते अंदाजानं बोललो. वरच्या डेपोत बढती देतो."

कागद तयार होता. सही तेवढी बाकी. मी तो वाचला, घडी घातली आणि त्यांच्या शाईच्या दौतीखाली ठेवला.

"साहेब, नोकरी तुमची आहे, ती घ्या. पण विसांतल्या एकोणीस बरोबर सांगितल्या मी. त्या अंदाजानं सांगता येतात का, तुम्ही सांगून दाखवा. सूप मागवू?"

त्यांनी शिपायाला हाक मारली. सायकल माझी होती, तेवढी घेऊन मी निघालो. नोकरी गेली याचं दुःख घरी पोहोचेपर्यंत झालं नाही. घरी पोहोचल्यावर मात्र झालं.

अपील चालू असतानाच राज्य बदललं, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि फायली कुठं गेल्या ते देव जाणे. हुकूम तेवढा कायम राहिला. पण कंपनीनं दुसरा डाव टाकला. पुढच्या हंगामात करीमभाईंचा छाप काढून घेतला आणि वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला एका गावात नवा सट्टेदार धरला. तिथं कोणी कोर्ट पाहिलेलं नव्हतं. करीमभाईंनी सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं. एक्केचाळीस बाया कोणी धानाच्या रोवणीला गेल्या, कोणी पान तोडायला जंगलात. एकट्याला दुकान झेपेना म्हणून करीमभाईंनी मला भागीदार केलं, आणि मी पंक्चर काढताना रोज तोच विचार करायचो : न्याय मिळाला आणि काम गेलं. तोंड बंद ठेवलं असतं तर बायांची निदान मजुरी तरी चालू राहिली असती. हा विचार मला वर्षभर खात राहिला.

एका मंगळवारी, मूलच्या बाजाराच्या दिवशी, सोनाबाई दुकानापुढं उभी राहिली. माझी नजर वर होईना. मी म्हटलं, "बाई, माझ्यामुळं तुमचं काम गेलं. मला माफ करा."

"उगाच काऊन रडून राह्यले?" ती म्हणाली. "आयका तं. लेकीच्या घरी गेली होती मी, नदीपल्याड. डोंग्यानं. तुमचं मुंगूस तिकडंच जाऊन बसलं हाय. लेक बी तिथीच वळते."

मी पाना खाली ठेवला. ती पायरीवर बसली.

"मी बी गेली तिच्यासंगं. बसली, दहा बिड्या वळल्या. मंग थ्या सट्टेदाराले इचारलं, हजेरीपट कुठी हाय? थो म्हने, कायचा हजेरीपट, तू कोन? म्या पदरातून कागद काढला. करीमभाईनं आपल्या शाळामास्तराकडून कोर्टाचा हुकूम मराठीत लिवून घेऊन देल्ला होता ना, थो. मले वाचता नाई येत, पन तिथच्या गुरुजीनं वाचला. मोठ्यानं. साऱ्या बायांनी आयकला."

"मग?"

"मंग काय. बायांनी कैच्या खाली ठेवल्या. तीन दिवस एक बिडी नाई वळली. कंपनीची गाडी रिकामी गेली. चवथ्या दिवशी तुमचा मॅनेजर सोता आला, कोरी वही घेऊन."

करीमभाई आतून बाहेर आले होते. त्यांच्या हातातली अर्धवट भरलेली ट्यूब तशीच फुसफुसत होती.

"म्या म्हनलं, पयलं नाव माह्यं लिव. थो म्हने, बाई, तू या गावची नाईस. म्या म्हनलं, दहा बिड्या वळल्या ना म्या इथी बसून? मंग लिव."

"लिहिलं?" मी विचारलं.

"लिवाच लागलं त्याले."